खिडकीची चौकट



साठ वर्षे पूर्ण केलेल्या मराठी शाळेच्या उत्सवात संगणकाच्या पडद्यावरील एका चौकटीविषयी बोलले जावे, याचे काही ज्येष्ठांना नवल वाटेल. परंतु आजच्या विद्यार्थ्याचा जितका वेळ पुस्तकाच्या पानावर जातो, त्याहून कमी नसलेला वेळ या चौकटीच्या आत जातो. ज्या चौकटीतून तो जग पाहतो तिचे रूप कोणी ठरवले, ते बदलता येते काय, आणि बदलताना काय सांभाळावे लागते, एवढाच आजचा विषय आहे. तो दिसतो तितका वरवरचा नाही.

एखाद्या संगणकावर लिनक्स प्रणाली आहे आणि तिच्यावर ग्नोम हा डेस्कटॉप आहे, असे समजावे. फाइलींची खिडकी उघडली की तिची कडा गोलसर, वरची पट्टी रुंद आणि बंद करण्याचे बटण एका लहान वर्तुळात दिसते. गणकयंत्र उघडले, दिनदर्शिका उघडली, तरी तेच रूप. मग फायरफॉक्स हा ब्राउझर उघडावा. पट्टीची उंची वेगळी, टॅबांची ठेवण वेगळी, चिन्हांची रेघ जाड-बारीक, करड्या रंगाची छटाही निराळी. एकाच दिवाणखान्यात चार खुर्च्या एका सुताराच्या आणि पाचवी दुसऱ्या गावाहून आलेली असावी, तसे हे दृश्य असते. बसायला ती पाचवी खुर्चीही ठीकच असते. तरीही डोळा प्रत्येक वेळी तिच्याशी अडखळतो, आणि नेमकी तीच खुर्ची दिवसभर वापरात असते.

हा विसंवाद कोठून आला हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. युनिक्स प्रकारच्या संगणकांवर खिडक्या दाखवणारी 'एक्स' ही प्रणाली १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मली. तिच्या कर्त्यांनी जाणूनबुजून एक तत्त्व पाळले : साधन पुरवावे, रीत ठरवू नये. खिडकी कशी काढावी हे एक्स सांगे. बटण कसे दिसावे हे सांगत नसे. परिणामी प्रत्येक कार्यक्रमाचे रूप त्याच्या कर्त्याच्या लहरीवर राहिले. एकात मजकूर खाली सरकवायला सरकपट्टीवर डावे बटण दाबावे लागे, तर दुसऱ्यात मधले. ऑक्टोबर १९९६ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे शिकणाऱ्या मथियास एट्रिच या विद्यार्थ्याने नेमक्या याच गोंधळावर बोट ठेवले आणि सामान्य माणसासाठी एकसारखे दिसणारे, एकसारखे वागणारे संपूर्ण वातावरण उभारण्याचे आवाहन केले. त्यातून केडीई हा डेस्कटॉप आला. पुढल्याच वर्षी, ऑगस्ट १९९७ मध्ये, मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोमची सुरुवात केली; केडीई ज्या क्यूटी या संचावर उभे होते त्याचा परवाना तेव्हा पुरता मुक्त नव्हता, हे त्यामागचे कारण. दोन्ही मंडळींचे भांडण परवान्याचे होते. घर एका हाताने रंगवलेले दिसावे, याविषयी त्यांचे एकमतच होते. विद्यार्थिदशेतील एका तरुणाने तक्रार करून न थांबता काम हाती घेतले, हे जाता जाता येथील मुलांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही.

ब्राउझर मात्र या घरात पाहुणा म्हणून आला, आणि तोही अनेक घरांत एकाच वेळी राहणारा पाहुणा. नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता ३१ मार्च १९९८ रोजी सर्वांसाठी खुली केली आणि मोझिला प्रकल्प सुरू झाला. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींसाठी खिडक्या आणि बटणे वेगवेगळी लिहीत बसण्याऐवजी मोझिलाच्या अभियंत्यांनी एक धाडसी युक्ती केली. जे यंत्र वेबपृष्ठ रंगवते त्याच यंत्राकडून ब्राउझरची स्वतःची बटणे, मेनू आणि पट्ट्याही रंगवून घ्यायच्या. त्यासाठी 'झूल' नावाची एक खुणांची भाषा रचली गेली आणि रूपाचे नियम वेबपृष्ठांच्याच सीएसएस या भाषेत लिहिले गेले. म्हणजे फायरफॉक्सची चौकट हीदेखील एका अर्थी वेबपृष्ठच होय. पुढे जे काही घडले, चांगले आणि वाईट, त्याचे मूळ या एका निर्णयात आहे.

या निर्णयाने तिन्ही प्रणालींवर एकच ब्राउझर चालू लागला. पण तो कोणत्याच घरचा वाटेना. ही उणीव भरून काढायला दोन वाटा निघाल्या. पहिली वाट अशी की मोझिलाचे केवळ पृष्ठ रंगवणारे यंत्र घ्यायचे आणि चौकट त्या त्या घरच्या सुताराकडून करून घ्यायची. ग्नोमसाठी गॅलिऑन आणि नंतर एपिफनी, मॅकसाठी कमिनो, विंडोजसाठी के-मिलियन हे ब्राउझर असेच घडले. केडीईने तर आपले यंत्रही घरीच बनवले आणि कॉन्करर हा ब्राउझर आणला. त्याच यंत्राचा पाया घेऊन अ‍ॅपलने २००३ मध्ये सफारी पुढे आणला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. दुसरी वाट फायरफॉक्सने स्वतः धरली. तो बटण काढण्यापूर्वी त्या घरच्या रंगाऱ्याला विचारू लागला : येथे बटण कसे दिसते? जून २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत हा प्रयत्न चांगलाच साधला होता. विंडोज एक्सपी, व्हिस्टा, मॅक आणि लिनक्स यांच्यासाठी रूपे वेगवेगळी होती, आणि लिनक्सवर तर वापरणाऱ्याने जी चिन्हमाला निवडली असेल तीच ब्राउझरही वापरत असे.

या उसनवारीत एक फजितीही होती. एखाद्याने डेस्कटॉपसाठी काळा वेश निवडला की फायरफॉक्स वेबपृष्ठातील मजकूर भरण्याच्या चौकटीही काळ्या रंगवी. पृष्ठ लिहिणाऱ्याने मात्र अक्षरांचा रंग काळा ठेवलेला असे, कारण चौकट पांढरीच असणार हे त्याने गृहीत धरलेले. काळ्यावर काळे! अर्ज भरणारा आपण काय लिहीत आहोत हे न पाहताच टंकन करी. पुढे फायरफॉक्सने पृष्ठातील चौकटी स्वतःच रंगवण्याचे ठरवले आणि हा प्रश्न मिटला. घराशी मेळ साधायचा तो चौकटीपुरता, पृष्ठाच्या आत शिरायचे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

वर ज्या चौकटीचा उल्लेख वारंवार झाला तिला ब्राउझर बनवणाऱ्यांच्या बोलीत 'क्रोम' असे नाव आहे. मोटारीच्या कडांवर आणि आरशांवर जो चकचकीत मुलामा असतो त्यावरून ते आले. गूगलने २००८ साली आपल्या ब्राउझरला हेच नाव दिले, तरी शब्द त्याहून जुना आहे.

मोझिलाच्या मूळ निर्णयामुळे हा मुलामा कोणालाही खरवडून नवा चढवता येत असे. संपूर्ण वेशांतर करणारे जोड-कार्यक्रम निघाले. कोणी फायरफॉक्सला केडीईचा पोशाख चढवला, कोणी ग्नोमचा. ग्नोमने २०११ मध्ये आपले रूप मुळापासून बदलले, तेव्हा त्याच्याशी मेळ साधणारे वेशही मागोमाग आले. परंतु जी मोकळीक कलावंताला होती तीच चोरालाही होती. जोड-कार्यक्रम ब्राउझरच्या कोणत्याही भागाला हात लावू शकत असे. ब्राउझरच्या रचनेत थोडा बदल झाला की शेकडो वेश आणि जोड एका दिवसात मोडत, आणि त्या भीतीने मूळ रचनेत सुधारणा करणेही अवघड होऊन बसले. अखेर १४ नोव्हेंबर २०१७ रोजी आलेल्या ५७व्या आवृत्तीने जुन्या पद्धतीचे सर्व जोड आणि संपूर्ण वेश बंद केले. राहिले ते केवळ रंग आणि पाठीमागचे चित्र बदलणारे हलके वेश. त्या आवृत्तीने ब्राउझर वेगवान झाला, सुरक्षित झाला, यात शंका नाही. पण वर्षानुवर्षे कोणी हाताने घडवलेली शेकडो रूपे त्या दिवशी निकामी झाली. कंपनीचा निर्णय योग्य होता असे म्हणत असतानाही, त्या कारागिरांशी जरा अधिक सबुरीने वागता आले असते, असे म्हणणे भाग आहे.

मात्र एक लहानसे दार उघडे राहिले. त्याचे नाव 'यूजरक्रोम डॉट सीएसएस', म्हणजे वापरणाऱ्याचा स्वतःचा मुलामा. ही एक साधी मजकुराची फाइल. ती ब्राउझरच्या वैयक्तिक फोल्डरमध्ये, 'क्रोम' नावाचा उपफोल्डर करून, त्यात ठेवायची. ब्राउझर सुरू होताना ती वाचतो आणि तिच्यातील नियम स्वतःच्या नियमांवर चढवतो. सप्टेंबर २०१९ मधील ६९व्या आवृत्तीपासून हे दारही कडी घालून ठेवलेले असते. फार थोडे लोक वापरतात त्या फाइलीच्या शोधात सर्वांचा सुरुवातीचा वेळ का दवडावा, असा त्यामागचा विचार. पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:कॉन्फिग' लिहून, इशारा वाचून, 'लेगसी यूजर प्रोफाइल कस्टमायझेशन्स' या नावाची नोंद शोधून ती 'ट्रू' केली की कडी निघते.

येथे नवशिक्यांची दोन ठिकाणी हमखास चूक होते. लिनक्सवर लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत भेद केला जातो, त्यामुळे फोल्डरच्या नावात सर्व अक्षरे लहान आणि फाइलच्या नावात 'क्रोम'चे पहिले अक्षर मोठे असावे लागते. एक अक्षर चुकले की काहीच घडत नाही, आणि का घडत नाही हेही कोणी सांगत नाही. विंडोजवर वेगळीच गंमत होते. नोटपॅड फाइलच्या नावापुढे गुपचूप 'टीएक्सटी' हे शेपूट जोडतो, आणि ते शेपूट डोळ्यांना दिसत नसल्यामुळे मूल तासभर नियमांतील चूक शोधत बसते. शुद्धलेखनाला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्याला या दोन चुका जेवढे शिकवतात तेवढे लाल शाई शिकवू शकत नाही.

नियमांची रचना सोपी आहे : कोणाचे, काय आणि किती. टॅबांच्या ओळीला एक नाव आहे, पत्त्याच्या पट्टीला दुसरे, प्रत्येक टॅबला तिसरे. त्या नावापुढे महिरपी कंस उघडायचा, गुणधर्म लिहायचा, मूल्य लिहायचे. ही नावे पाठ करावी लागत नाहीत. ब्राउझरमध्येच 'ब्राउझर टूलबॉक्स' नावाची एक खिडकी आहे. विकासकांच्या सेटिंगमध्ये दोन परवानग्या दिल्या की ती उघडते, आणि मग चौकटीतील कोणत्याही भागावर बाण नेला की त्याचे नाव, मापे आणि त्याला लागू असलेले नियम समोर येतात. शरीरशास्त्राच्या तासाला बेडूक उघडून पाहण्याची रीत आता राहिलेली नाही. रोज वापरातील यंत्राचे अंतरंग उघडून पाहण्याची ही संधी मात्र प्रत्येक संगणकावर विनामूल्य पडून आहे.

ग्नोमशी मेळ साधायचा तर आधी मोजमाप घ्यावे लागते. ग्नोमच्या खिडकीत शीर्षक आणि हत्यारांची पट्टी वेगवेगळी नसते; २०१३ मधील ३.१० या आवृत्तीपासून दोन्ही एकाच रुंद पट्टीत आणलेली आहेत. फायरफॉक्सने लिनक्सवर शीर्षकपट्टीच्या जागेत टॅब बसवण्याची सोय २०१८ मधील ६०व्या आवृत्तीत केली, म्हणून अर्धे काम झालेलेच असते. उरते ते असे : पट्टीची उंची फाइलींच्या खिडकीइतकी करणे, बटणांभोवतीच्या रेषा काढणे, बंद करण्याचे चिन्ह वर्तुळात बसवणे, आणि निवडलेला टॅब किती उठून दिसावा हे ठरवणे. शेवटची गोष्ट वाटते त्यापेक्षा कठीण आहे. जून २०२१ मध्ये आलेल्या ८९व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सचे टॅब पट्टीला चिकटलेले नसतात. ते तरंगत्या बटणांसारखे दिसतात. ते सुटे ठेवावेत की खालच्या पट्टीला पुन्हा जोडावेत, यावर दोन शहाण्या माणसांत एकमत होणे दुरापास्त. कागदी फायलींचा टॅब पानाला जोडलेला असतो, आणि म्हणूनच कोणते पान वर आहे ते कळते. ब्राउझरच्या टॅबानेही ते नाते मोडू नये, हे म्हणणे अधिक पटणारे आहे.

रंगांच्या बाबतीत एक पथ्य पाळावे. छटा ठराविक अंकांनी लिहू नये. डेस्कटॉपने दिलेल्या रंगांची नावे वापरावीत. अंक लिहिला की दिवसा शोभणारा पांढरा रात्रीच्या काळ्या वेशातही पांढराच राहतो. नाव लिहिले तर घराचा रंग बदलताच चौकटीचाही बदलतो. केडीई वापरणाऱ्याचे काम तर पुष्कळदा फाइलीविनाच भागते. पट्ट्यांची जुळवाजुळव करण्याच्या पृष्ठावर खाली 'टायटल बार' असा एक चौकोन आहे; त्यावर खूण केली की खिडकीची शीर्षकपट्टी केडीई स्वतः काढू लागते आणि तिची बटणे इतर खिडक्यांसारखीच होतात. आधी असे सरळ उपाय संपवावेत आणि मगच फाइलीकडे वळावे.

या साऱ्याला विरोध करणारे लोक आहेत, आणि ते अडाणी नाहीत. २०१९ मध्ये ग्नोमसाठी कार्यक्रम लिहिणाऱ्या काही विकासकांनी एक खुले पत्र काढले. लिनक्सची वितरणे परस्पर वेश चढवून आपल्या कार्यक्रमांची रूपे बिघडवतात, बटणावरील अक्षर दिसेनासे होते, आणि तक्रार मात्र मूळ कर्त्याकडे येते, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. लेखकाच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ विक्रेत्याने प्रत्येक दुकानात वेगळे छापावे, असाच हा प्रकार, आणि त्यांचा राग समजण्याजोगा आहे. परंतु त्याच पत्रात त्यांनी एक भेद स्पष्ट केला होता : स्वतःच्या यंत्रावर स्वतः खटपट करणाऱ्याविषयी त्यांची तक्रार नव्हती. विकत घेतलेल्या पुस्तकाला घरी वर्तमानपत्राचे वेष्टन घालावे, आतल्या पानांवर पेन्सिलीने खुणा कराव्यात, हा वाचकाचा हक्क कोणी नाकारलेला नाही. जी जबाबदारी येते ती मात्र पत्करावी लागते. पुढच्या आवृत्तीत एखाद्या भागाचे नाव बदलले की नियम निरर्थक होतो आणि एखाद्या सकाळी टॅबांची ओळ पत्त्याच्या पट्टीवर चढून बसलेली आढळते. दोष ब्राउझरचा नसतो; दुरुस्तीही दुसऱ्या कोणी करायची नसते.

याहून गंभीर प्रश्न विश्वासाचा आहे, आणि पालकांनी तो विशेष लक्ष देऊन ऐकावा. ब्राउझरच्या खिडकीत एक अदृश्य सीमा असते. तिच्या वरचा भाग ब्राउझर स्वतः लिहितो; खालचा भाग जगातील कोणीही लिहू शकतो. पत्ता कोणत्या संकेतस्थळाचा आहे हे वरच्या भागात दिसते, म्हणून तो भाग साक्षीदारासारखा असतो. फसवणूक करणारे लोक खालच्या भागात एक संपूर्ण खोटी खिडकी चितारतात : तिला शीर्षकपट्टी असते, बंद करण्याचे बटण असते, आणि आत बँकेचा वाटावा असा पत्ताही लिहिलेला असतो. ही नक्कल विंडोज किंवा मॅकच्या सर्वपरिचित रूपाची केलेली असते, कारण तेच रूप बहुतेकांकडे असते. ज्याच्या खऱ्या खिडक्यांची कडा, रंग आणि बटणांची जागा वेगळी आहे, त्याच्या पडद्यावर ही तोतया खिडकी परक्या गावच्या माणसासारखी ताबडतोब उठून दिसते. तेव्हा सर्व खिडक्यांचे रूप एक असणे, आणि ते इतरांहून थोडे वेगळे असणे, याला केवळ शोभेपलीकडचाही एक उपयोग आहे. एवढ्यावर विसंबून मात्र राहू नये. खऱ्या खिडकीची ओळख पटवायची तर ती ओढून मोठ्या खिडकीच्या बाहेर नेऊन पाहावी. चितारलेली खिडकी आपल्या पृष्ठाची सीमा ओलांडू शकत नाही.

हाच मुद्दा उलटही लागू पडतो. नीटनेटकेपणाच्या हौसेपायी काही जण पत्त्याची पट्टी लपवतात, कुलपाचे चिन्ह काढून टाकतात, आणि परवानगी मागणारी लहान खिडकी रंगात विरघळवतात. साक्षीदाराला खोलीबाहेर काढण्यासारखे हे आहे. दुसऱ्याने लिहिलेली फाइल न वाचता जशीच्या तशी उतरवून घेणेही तितकेच अविचाराचे.

आता ज्या शाळेत महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शिकवली जाते, त्या शाळेच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याची बाब, म्हणजे अक्षर. फायरफॉक्स आणि ग्नोम, दोघेही मराठीत उपलब्ध आहेत. ते काम बहुतांशी स्वयंसेवकांनी केलेले आहे. पण मेनू मराठीत आले तरी चौकटीची मापे रोमन अक्षर डोळ्यांपुढे ठेवून घेतलेली असतात. रोमन अक्षराला वर वेलांटी नसते, रफार नसतो, खाली उकार नसतो. 'सर्वांसाठी' या शब्दाला शिरोरेषेच्या वर रफार आणि अनुस्वार एकत्र लागतात. 'हृदय' आणि 'पृष्ठ' खाली उतरतात. हौशी मुलाने टॅब अरुंद केला की प्रथम कापली जातात ती ही चिन्हे. इंग्रजी शीर्षकांवर वेश तपासणाऱ्याला हे कधीच कळत नाही. म्हणून चौकटीची उंची ठरवताना टॅबमध्ये मराठी पृष्ठ उघडे ठेवावे आणि रफार शाबूत आहे ना हे पाहावे. चौकटीतील अक्षराचा टंक आणि आकार फायरफॉक्स स्वतः ठरवत नाही; तो डेस्कटॉपच्या सेटिंगमधून घेतो. तेव्हा अक्षर मोठे हवे असल्यास ते तेथे मोठे करावे, म्हणजे घरातील प्रत्येक खिडकीत ते मोठे होईल. पृष्ठांतील अक्षराची व्यवस्था मात्र ब्राउझरच्या सेटिंगमध्ये वेगळी आहे; फॉन्टच्या प्रगत पर्यायांत देवनागरी लिपी निवडून टंक आणि किमान आकार देता येतो. डोळे थकलेल्या आजोबांसाठी नातवाने एवढे करून दिले तरी पुष्कळ.

त्यातही 'ल' आणि 'श' यांची कथा निराळी. मराठीचा पाकळीयुक्त ल आणि हिंदीत रूढ असलेला दंडयुक्त ल यांतील भेद येथील प्रत्येक मुलाला माहीत आहे. एका तासाला ते एक गिरवते आणि पुढच्या तासाला दुसरा वाचते. महाराष्ट्र शासनाने २०२२ मधील आदेशात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांनाच मराठीत मान्यता दिली. संगणकाच्या युनिकोड व्यवस्थेत मात्र ल या अक्षराला एकच क्रमांक आहे. तो कोणत्या रूपात उमटावा हे टंक ठरवतो, आणि चांगल्या टंकात दोन्ही रूपे साठवलेली असतात. मजकूर मराठी आहे असे यंत्राला सांगितले गेले तर तो टंक पाकळीचा ल काढतो. काही सांगितले नाही तर बहुधा दंडाचा. पृष्ठ लिहिणाऱ्याने भाषेची खूण केली नसेल तर वाचणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. चौकटीच्या बाबतीत मात्र उरते. डेस्कटॉपची भाषा मराठी ठेवली, ब्राउझर मराठी घेतला आणि दोन्ही रूपे असलेला टंक निवडला की फाइलींच्या खिडकीतला ल आणि ब्राउझरच्या मेनूतला ल एकमेकांशी जुळतात.

ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांनी आधी ब्राउझरमध्ये एक वेगळे वैयक्तिक खाते उघडावे आणि प्रयोग तेथे करावेत, म्हणजे रोजच्या वापराला धक्का लागणार नाही. प्रत्येक नियमाच्या वर तो कशासाठी लिहिला ते एका ओळीत मराठीत लिहून ठेवावे. सीएसएसमध्ये अशा टिपणासाठी तिरकी रेघ आणि तारका यांची खूण आहे, आणि टिपण देवनागरीत असले तरी यंत्राला चालते. काही बिघडलेच तर फाइलचे नाव बदलून ब्राउझर पुन्हा उघडावा. जुनी चौकट जशीच्या तशी परत येते.